जुन्या एएम४ पीसीचा प्रोसेसर टप्प्याटप्प्याने कसा बदलावा

एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, रॅमची एकच ८ जीबीची पट्टी आणि जीटीएक्स १६५०-१६६० दर्जाचं ग्राफिक्स कार्ड. पाच-सहा वर्षांपूर्वी जुळवलेल्या अनेक गेमिंग पीसींचा आराखडा असाच असतो. नवे गेम त्यावर अडखळू लागले की दुकानदार सरळ एएम५ चं, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटचं (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती मदरबोर्डवरची जागा) कोटेशन पुढे करतो. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम असं तिन्ही एकदम घ्यावं लागतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले ते पाहता हा सल्ला खिशाला चांगलाच जड जातो. तुमच्या जुन्या एएम४ सॉकेटवर मात्र पहिले रायझन २०१७ मध्ये आले आणि २०२४ मध्येही एएमडीने त्याच सॉकेटसाठी नवे प्रोसेसर काढले. तोच मदरबोर्ड ठेवून रायझन ५००० मालिकेपर्यंत जाता येतं, तेही हप्त्याहप्त्याने.

घेतलेली वस्तू पुढच्या टप्प्यात फेकून द्यावी लागणार नाही, हे पाहून क्रम लावायचा. हा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात.

हाताशी काय हवं

मदरबोर्डचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन क्रमांक, एक रिकामा पेन ड्राइव्ह (८ ते ३२ जीबीचा पुरे), यूपीएस, चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी फिल्टर किंवा धागे न सुटणारं कापड. कागदपत्रांमध्ये जुन्या भागांची जीएसटी बिलं शोधून ठेवा. जुना प्रोसेसर विकताना बिल असेल तर चार पैसे जास्त येतात. विंडोजच्या खात्याचा पासवर्डही लागेल. नुसता पिन पाठ असून चालणार नाही. का, ते पुढे येईल.

१. अडतंय कुठे ते आधी बघा

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर (गेम चालू असताना पडद्यावर आकडे दाखवणारी साधनं) टाका. व्ही-सिंक (गेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची) मर्यादा बंद करून नेहमीचा गेम वीस मिनिटं खेळा आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते बघा. ९७-९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, म्हणजे नव्या प्रोसेसरने फारसं काही बदलणार नाही. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि मधूनमधून गेम झटके देत असेल तर संशय प्रोसेसरवर किंवा रॅमवर.

इथे बहुतेक जण एका आकड्याला फसतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो आणि वाटतं, अजून निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक आहे. २६०० मध्ये १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. गेमचा मुख्य थ्रेड त्यातला एकच पूर्ण भरतो आणि बाकीचे अर्धे रिकामे बसतात, म्हणून सरासरी कमी दिसते. आफ्टरबर्नरमध्ये प्रत्येक थ्रेड वेगळा दाखवायला लावा.

पक्की खातरजमा करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस जागचे हलले नाहीत तर अडथळा प्रोसेसरचा. भराभर वाढले तर अडथळा कार्डाचा, आणि मग या लेखातला चौथा टप्पा तूर्त बाजूला ठेवून पैसे कार्डासाठी साठवा.

२. मदरबोर्डची कुंडली काढा

सीपीयू-झेड या साधनाच्या मेनबोर्ड टॅबमध्ये मॉडेल आणि बायोसची (मदरबोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती दिसते. गिगाबाइटच्या बोर्डांवर एका कोपऱ्यात रिव्हिजन छापलेलं असतं. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनची बायोस फाइल वेगळी असू शकते, म्हणून कॅबिनेट उघडून डोळ्यांनी बघा. मग उत्पादकाच्या साइटवर त्याच मॉडेलच्या प्रोसेसर सपोर्ट यादीत तुम्हाला हवा तो प्रोसेसर शोधा. त्याच्यासमोर किमान बायोस आवृत्ती लिहिलेली असते, ती टिपून ठेवा.

बी४५० आणि एक्स४७० या चिपसेटचे बोर्ड बहुतेक निर्धास्त आहेत. ए३२०, बी३५० आणि एक्स३७० यांना ५००० मालिकेची दारं २०२२ मध्ये उघडली, पण प्रत्येक उत्पादकाने प्रत्येक मॉडेलसाठी बायोस काढलेला नाही. यादीत नाव नसेल तर तिथेच थांबा. ए३२० च्या स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर हीटसिंकच नसतो. त्यावर सहा कोर आणि ६५ वॉटच्या वर जाऊ नये.

एक सापळा खास टप्प्याटप्प्याने जाणाऱ्यांसाठीच आहे. ‘आधी बी५५० बोर्ड घेतो, प्रोसेसर दिवाळीत’ असा बेत करू नका. बी५५० वर रायझन २००० मालिका अधिकृतपणे चालत नाही, ३२००जी आणि ३४००जी सुद्धा नाहीत. नवा बोर्ड आणि जुना प्रोसेसर एकमेकांकडे बघत बसतील. बी४५० वर मात्र जुना आणि नवा दोन्ही चालतात, म्हणून तो आहे तोच ठेवायचा.

३. फुकटात आणि रॅममधून मिळेल तेवढं घ्या

रॅम ३२०० ची असूनही बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, असूसवर डीओसीपी) चालू केलेलं नसेल तर ती २१३३ किंवा २४०० वरच धावत राहते. हे इतक्या पीसींमध्ये आढळतं की प्रोसेसरचा विचार करण्याआधी तपासलंच पाहिजे. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो.

रायझनला रॅमच्या वेगाचा फायदा जास्त होतो, कारण आतले भाग जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या ठोक्यावर चालतं. ३२०० ची रॅम असली की फॅब्रिक १६०० वर, ३६०० असली की १८०० वर. त्यापुढे एएम४ वर सहसा जाऊ नये. दोन्हींचा मेळ सुटला की उलट विलंब वाढतो.

एकच पट्टी असेल तर दुसरी घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल होईल, दोन्ही पट्ट्या एकाच वेळी कामाला लागतील. आदर्श संच म्हणजे ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० मेगाहर्ट्झ, सीएल१६ (विलंबाचा आकडा, कमी तितका बरा). जुन्या पट्टीला जोडीदार शोधण्यापेक्षा जोडीने विकला जाणारा संच बरा. वेगवेगळ्या बनावटीच्या पट्ट्या एक्सएमपीवर रुसतात. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी वापरा. २६०० अधिकृतपणे २९३३ पर्यंतच जातो, त्यामुळे ३२०० वर पीसी सुरूच झाला नाही तर घाबरू नका. तूर्त २९३३ वर ठेवा. हाच संच पुढे रायझन ५ ५६०० लावल्यावर ३२०० वर सुखाने चालेल, म्हणून ही खरेदी वाया जात नाही.

धूळ झटकणं आणि कॅबिनेटचा मागचा पंखा चालू आहे का ते बघणं, हेही याच टप्प्यात. मग पहिली चाचणी पुन्हा करा. काहींचं काम इथेच भागतं.

४. प्रोसेसर निवडणे

बहुतेकांसाठी उत्तर रायझन ५ ५६००. सहा कोर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी), ६५ वॉट, आणि डब्यात कूलर. २६०० पेक्षा प्रति कोर वेग इतका वाढतो की झटके कमी झालेले लगेच जाणवतात. ५६००एक्स फक्त थोड्या जास्त वेगाचा आहे. किमतीत फरक असेल तर ५६०० च घ्या.

गेमसोबत स्ट्रीमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर आठ कोरचा ५७००एक्स. त्याच्या डब्यात कूलर नसतो, तो खर्च धरा. निव्वळ गेमिंगसाठी ५७००एक्सथ्रीडी आणि ५८००एक्सथ्रीडी हे या सॉकेटवरचे राजे. ९६ एमबी कॅशमुळे सिम्युलेशन, स्ट्रॅटेजी आणि मोठ्या मल्टिप्लेअर गेममध्ये ते खूप पुढे जातात. पण त्यांचे नवे नग आता सहज मिळत नाहीत, आणि जुन्या बाजारात विक्रेते मागतील तो भाव सांगतात. १६६० सारख्या कार्डासोबत एक्सथ्रीडी घेणं म्हणजे पैसे कपाटात बंद करून ठेवणं.

नावांवरून फसू नका:

- ५५०० आणि ५६००जी हे ५६०० चे सख्खे भाऊ वाटतात, पण दोघांत एल३ कॅश निम्मी, १६ एमबीच. गेममध्ये हा फरक दिसतो.
- ४५०० चा आकडा ३६०० पेक्षा मोठा आहे, पण आत जुनी झेन २ रचना आणि फक्त ८ एमबी एल३ कॅश. तो स्वस्त का, ते यातच आलं.
- ३२००जी किंवा ३४००जी वर स्वतंत्र कार्ड न लावता चालवणाऱ्यांनी ५६०० लावला तर पडदा काळाच राहील. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर ५६००जी हाच मार्ग.

‘नवा प्रोसेसर पीसीआयई ४.० देतो’ हे वाक्य दुकानात ऐकू येईल. पीसीआयई म्हणजे ग्राफिक्स कार्ड जोडणारी वाट, आणि लेन म्हणजे तिच्या मार्गिका. खरं आहे, पण बी४५० वर ते ३.० वरच राहतं. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० ही कार्डं आठ लेन वापरतात, त्यांचं ३.० वर फार बिघडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच लेनचं आहे आणि ३.० वर लंगडतं. बी४५० साठी ते घेऊच नका.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, पुण्याच्या तापकीर गल्लीत करा की ऑनलाइन, डबाबंद आणि ट्रे यांतला फरक विचारा. डबाबंद प्रोसेसरवर उत्पादकाची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे म्हणजे सुटा नग. तिथे दुकानदार देईल तीच वॉरंटी, आणि ती बिलावर लिहून घ्यायची. जुना घेत असाल तर पीसीत चालू असलेला बघा, मग तो काढून, उलटा धरून पिना प्रकाशात बघा. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरवरच असतात आणि त्या ओळीत नसतील तर लगेच कळतं.

५. कूलर आणि एसएमपीएस

५६०० साठी २६०० सोबतचा रेथ स्टेल्थही चालतो. ५७००एक्स किंवा एक्सथ्रीडीसाठी १२० मिलिमीटर पंख्याचा एक टॉवर कूलर घ्या. १०५ वॉटच्या प्रोसेसरची वीजमर्यादा प्रत्यक्षात १४२ वॉट असते. गेममध्ये एक्सथ्रीडी तेवढी ओढत नाही, पण त्याची तापमर्यादा ९० अंश आहे. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात खोलीचीच हवा तापलेली असते, तिथे छोटा कूलर लगेच हात टेकतो.

टॉवर घेण्याआधी दोन गोष्टी मोजा. कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो, कारण अनेक टॉवर १५५ मिलिमीटरच्या आसपास असतात. आणि बोर्डासोबत आलेले प्लास्टिकचे दोन कंस घरात आहेत का? रेथ स्टेल्थ थेट स्क्रूने बसतो, त्यामुळे पीसी जुळवताना ते कंस काढून कुठेतरी टाकलेले असतात. क्लिपने अडकणाऱ्या कूलरला तेच लागतात. डबा फेकला असेल तर स्वतःचे कंस सोबत देणारा कूलर निवडा.

५६०० साठी वेगळा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लागत नाही. अपवाद एकच: कॅबिनेटसोबत फुकट आलेला बिननावाचा. तो असेल तर प्रोसेसरआधी तो बदला. पुढे कार्ड बदलाल तेव्हाही हाच नवा एसएमपीएस कामी येईल.

६. बायोस, जुना प्रोसेसर असतानाच

हा टप्पा प्रोसेसर बदलण्याच्या दिवशी करायचा नाही. निदान आठवडाभर आधी करा आणि जुन्याच प्रोसेसरवर पीसी नीट चालतो का ते बघा. म्हणजे नंतर काही बिनसलं तर दोष बायोसचा की प्रोसेसरचा, हा गोंधळ होत नाही.

आधी ड्राइव्ह एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाचं कुलूप. विंडोज ११ मध्ये ते तुमच्या नकळत चालू असू शकतं. टीपीएम, म्हणजे या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, प्रोसेसरमध्येच असल्यामुळे बायोस किंवा प्रोसेसर बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून कागदावर लिहून घ्या, शक्य असेल तर एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा. ही पायरी गाळणाऱ्यांचा डेटा अडकतो.

मग क्रमाने:

1. उत्पादकाच्या साइटवरून तुमच्या रिव्हिजनची फाइल उतरवा. सोबतची सूचना पूर्ण वाचा. काही बोर्डांना आधी मधली एखादी आवृत्ती टाकावी लागते आणि थेट उडी चालत नाही.
2. बीटा शिक्का नसलेली आवृत्ती घ्या, आणि एजिसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ किंवा पुढची. त्याआधीच्या आवृत्त्यांवर एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या टीपीएममुळे) विंडोज मधूनच क्षणभर गोठण्याची तक्रार होती.
3. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून फाइल झिप उघडून टाका.
4. पीसी यूपीएसवर घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका, वीज जाताना त्याच्या बदलाच्या क्षणात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.
5. बायोसमध्ये जाऊन तिथल्याच साधनाने अपडेट करा: असूसमध्ये ईझी फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश. विंडोजमधून चालणारं साधन टाळा.
6. पडदा काळा झाला तरी हात लावू नका. पीसी एकदोनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतो.

अपडेटनंतर सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात. एक्सएमपी पुन्हा चालू करा. मोबाइल गेमसाठी ब्लूस्टॅक्स वापरत असाल तर एसव्हीएम (व्हर्च्युअलायझेशन) चालू करा, नाहीतर तो रखडेल. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी एफटीपीएम आणि सिक्युअर बूट तपासावं. विंडोज ११ वर त्यांपैकी काही बंद असेल तर व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा एरर येऊन गेम उघडत नाही.

काही बोर्डांच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं. असेल तर प्रोसेसर नसतानाही बायोस टाकता येतं, फक्त फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसंच्या तसं ठेवावं लागतं. अपडेट फसलं तर हेच बटण वाचवतं. ते नसेल तर चिप प्रोग्रॅम करून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं.

७. बदलण्याचा दिवस

एखादा गेम दहा मिनिटं चालवा आणि मग पीसी बंद करा. ही करमणूक नाही. वर्षानुवर्षांची पेस्ट थंड असताना सुकून चिकटलेली असते आणि कूलर सरळ वर ओढला तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो. एएम४ वर पिना वाकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला चार्ज घालवा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. कूलरचे स्क्रू कर्णरेषेत थोडे थोडे सैल करा. स्क्रू निघाले की मागची पट्टी सुटून पडू शकते, एक हात मागे धरा. आता कूलर डावीउजवीकडे हळूच पिळत राहा. तो सुटल्याचं हाताला जाणवलं की मगच वर उचला.

लीव्हर उभा करा, जुना प्रोसेसर काढून त्याच्या प्लास्टिक खोक्यात ठेवा. नव्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि तो नुसता सोडा. आपल्या वजनाने तो खाली बसला पाहिजे. नाही बसला तर दाबू नका. उचलून पिना बघा. बसला की लीव्हर खाली.

नव्या डब्यातल्या कूलरला पेस्ट लावूनच येते, वर आणखी थापू नका. जुना वापरत असाल तर अल्कोहोलने पुसून मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट लावा. स्क्रू पुन्हा कर्णरेषेत घट्ट करा आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन असं लिहिलेल्या जागीच जोडा.

पहिल्यांदा सुरू होताना एखाद-दोन मिनिटं पडदा रिकामा राहू शकतो. मग नवा प्रोसेसर आढळल्याचा आणि एफटीपीएम रीसेट करू का असा संदेश येतो. रिकव्हरी की कागदावर असेल तर वाय दाबा. त्यानंतर विंडोज जुना पिन नाकारेल. खात्याचा पासवर्ड टाकून नवा पिन करा. मदरबोर्ड तोच असल्याने विंडोजचं ॲक्टिव्हेशन साधारणपणे टिकून राहतं.

८. चाचणी

एक्सएमपी चालू करा, एएमडीच्या साइटवरचा चिपसेट ड्रायव्हर टाका. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी) दहा मिनिटं चालवून एचडब्ल्यूइन्फो या साधनात तापमान बघा. ५६०० आणि स्टेल्थवर ८० च्या पुढे-मागे दिसणं ठीक. सुरू होताच ९० ला भिडत असेल तर कूलर तिरका बसलाय किंवा पंख्याची वायर चुकीच्या जागी आहे. गेम अधूनमधून डेस्कटॉपवर फेकत असेल तर प्रोसेसरआधी रॅमवर संशय घ्या आणि मेमटेस्ट८६ रात्रभर लावा.

पडदाच येत नसेल तर या क्रमाने: एचडीएमआय वायर मदरबोर्डाला नव्हे, कार्डाला आहे ना, प्रोसेसरची आठ पिनांची वीजवायर पूर्ण बसली आहे ना, रॅमची एकच पट्टी दुसऱ्या खाचेत लावून बघा, मदरबोर्डवरची बॅटरी काढून सीमॉस (बायोसच्या जपलेल्या सेटिंग) रीसेट करा. तरीही नाही, तर जुना प्रोसेसर परत लावा. म्हणूनच नवा दोन आठवडे नीट चालल्याशिवाय जुना विकायचा नाही.

विकून आलेले पैसे कार्डाच्या खात्यात टाका. ५६०० सोबत आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० दर्जाचं कार्ड १०८० वर चांगलं जुळतं. त्याच्याही पुढचं कार्ड घेतलंत आणि पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत पुन्हा प्रोसेसरच अडताना दिसला, तरच एएम५ चं कोटेशन मागवा.